मोतीबिंदूनंतर चष्मा सुटतो काय ?

आपल्या मराठी भाषेंत एक मौजेचा शब्द आहे. माणसानें वयाचीं चाळीस वर्षें ओलांडलीं, म्हणजे त्यास जवळचीं अक्षरें नीट दिसेनाशीं होतात व तो चष्मा घेतो. त्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतों. प्रस्तुत लेखकाच्या नाकावर ती येऊन चार वर्षें झालीं. परंतु त्याच घरांत त्याचे पंचाहत्तर वर्षांचे वडील चष्म्यावांचून वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. हें कसें घडलें, त्यासाठीं काय मोल द्यावें लागलें, आणि तें सर्वांस साधेल काय, हें आज क्रमाक्रमानें पाहूं.

प्रथम डोळ्याची रचना ध्यानांत घेऊं. डोळ्याच्या बाहुलीमागें एक पारदर्शक व लवचिक भिंग असतें. त्याच्या भोंवतीं स्नायूचें कडें असतें. जवळची वस्तु पाहतांना हा स्नायु आकुंचन पावतो, भिंग फुगीर होतें, आणि वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर स्पष्ट उमटते. दूर पाहतांना तेंच भिंग चपटें होतें. विद्यार्थ्यांनो, आपलें बोट डोळ्यांपुढें वीतभर अंतरावर धरा. एकदां बोटाकडे व एकदां खिडकीबाहेरील झाडाकडे पाहा. बोट स्पष्ट दिसत असतां झाड अंधुक होतें, व झाड स्पष्ट होतांच बोट अंधुक होतें. हा फेरबदल इतक्या त्वरेनें होतो कीं, त्याची किंमत तुमच्या वयांत कळत नाहीं. पुढें वय वाढतें तसें भिंग ताठर होतें व त्याची फुगण्याची शक्ति जाते. हीच चाळिशीची अवस्था होय. त्याहीपुढें भिंगांतील प्रथिनें बदलून तें गढूळ झालें, म्हणजे त्यास मोतीबिंदु म्हणतात.

या व्याधीवरील उपाय आपल्या देशांत फार जुना आहे. सुश्रुतसंहितेंत शलाकेचा उपयोग करून मोतीबिंदूवर शस्त्रकर्म करण्याची रीत सांगितली आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढून टाकण्याची पद्धति प्रचारांत आणली. परंतु भिंग गेल्यावर डोळा एकप्रकारें रिकामाच राही, आणि रोग्यास बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा जन्मभर वागवावा लागे.

ही अडचण हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्यांनीं दूर केली. दुसऱ्या महायुद्धांत जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण रुतलेले त्यांनीं पाहिले. हे कण डोळा निमूटपणें सहन करतो, हें त्यांच्या लक्षांत आलें. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचें भिंग घडवून त्यांनीं तें लंडन येथील सेंट टॉमस रुग्णालयांत ता. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं प्रथमच एका रोग्याच्या डोळ्यांत बसविलें. त्यांच्याच व्यवसायांतील अनेकांनीं त्यांस दीर्घकाळ विरोध केला, तथापि इ. स. २००० मध्यें त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. इ. स. १९६७ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स केलमन यांनीं कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनिकंपांनीं गढूळ भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची युक्ति काढली. ही कल्पना त्यांस दंतवैद्याच्या खुर्चींत, दांत साफ करण्याचें यंत्र पाहून सुचली होती ! आतां दोन-तीन मिलिमीटरांच्या छेदांतून घडी घातलेलें भिंग आंत सोडतात व तें आंत गेल्यावर आपोआप उलगडतें.

साधें कृत्रिम भिंग एककेंद्री असतें. त्यास फुगतां येत नाहीं. म्हणून तें बहुधा दूरच्या दृष्टीसाठीं बसवितात व वाचावयास चाळिशी लागते. बहुकेंद्री भिंगावर एकांत एक अशीं अतिसूक्ष्म वर्तुळें कोरलेलीं असतात. तीं येणाऱ्या प्रकाशाची वांटणी करतात. कांहीं प्रकाश दूरच्या वस्तूंची प्रतिमा पडद्यावर आणतो, कांहीं हातभर अंतरावरील अक्षरांची. कित्येक भिंगांत मधल्या अंतराचीही सोय असते. अमेरिकेच्या सरकारी खात्यानें अशा पहिल्या भिंगास इ. स. १९९७ मध्यें मान्यता दिली. येथें एक मर्म ध्यानांत ठेवावें. या भिंगांत दूरची व जवळची प्रतिमा पाळीपाळीनें न पडतां एकदमच पडते. वर्गांत दोघे एकदम बोलत असतां आपला कान हव्या त्याचेंच बोलणें निवडतो, तद्वत् मेंदूस हवी ती प्रतिमा निवडावयास शिकावें लागतें. हें शिक्षण कोणास कांहीं आठवड्यांत, तर कोणास कित्येक महिन्यांत साधतें.

आमचे वडील एका छापखान्यांत जुळारी होते. आयुष्यभर शिशाचे खिळे उलटे वाचणाऱ्या त्या माणसास अक्षर दिसेनासें झालें, याचें दुःख फार होतें. डॉक्टरांनीं विचारलें, "बाबा, आपण रात्रीं गाडी चालवितां का ?" वडील म्हणाले, "गाडी कुठली डॉक्टरसाहेब ! एक सायकल होती, तीही नातवानें नेली." बहुकेंद्री भिंगासाठीं आग्रह मींच धरला. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं ते मला म्हणाले, "बाळ, रस्त्यावरच्या दर दिव्याभोंवतीं कोळ्याचें जाळें दिसतें. हें असेंच राहणार काय ?" त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. डोळ्यांतील भिंग बदलणें म्हणजे चष्म्याची कांच बदलण्यासारखी सोपी गोष्ट नव्हे. तथापि प्रकाशाची वांटणी झाली, म्हणजे अशीं कडीं दिसावयाचींच, हें डॉक्टरांनीं अगोदर सांगितलें होतें. आम्हीं मात्र तें अर्धवट ऐकलें होतें. तीन महिन्यांनीं तीं कडीं गेलीं नाहींत, पण त्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला. वर्तमानपत्र ते चष्म्यावांचून वाचतात. औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरांसाठीं मात्र खिडकीपाशीं उजेडांत जातात. अंधुक उजेडांत रंगाच्या छटा त्यांस पूर्वीइतक्या स्पष्ट दिसत नाहींत.

आमच्या आईची गोष्ट निराळी. तिला मधुमेह असून त्यानें डोळ्याच्या पडद्यास इजा झाली आहे. जो पडदा अगोदरच दुबळा, त्यास वांटलेला प्रकाश पुरत नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं तिला साधेंच भिंग बसविलें. तिची चाळिशी गळ्यांतील दोरीस लोंबत असते.

यावरून पालकांनीं तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, मापें अचूक हवींत. डोळ्याची लांबी मोजण्यांत एका मिलिमीटराची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारें अडीच ते तीन अंकांनीं चुकतो; मग चष्मा कसा सुटावा ? दुसरी ही कीं, पडद्याचा विकार, कांचबिंदु, किंवा बुबुळावरील दोष असल्यास बहुकेंद्री भिंग बहुधा सुचवीत नाहींत. तिसरी ही कीं, ज्याचा धंदा रात्रीं वाहन चालविण्याचा, त्यानें विशेष विचार करावा. शिवाय, कोणत्याही भिंगामागील पातळ पडदा कांहीं काळानें गढूळ होऊं शकतो. लोक म्हणतात, "मोतीबिंदु पुन्हा आला". तसें नसून, लेसर किरणांनीं तो पडदा थोडक्या वेळांत मोकळा करतां येतो.

खर्चाविषयींही एक शब्द. बहुकेंद्री भिंगाची किंमत साध्या भिंगाच्या कैक पट असते. परंतु अंधत्व दूर करण्याचें काम साधें भिंगही करतें. मदुरा येथील अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ऑरोलॅब या कारखान्यांत इ. स. १९९२ पासून अल्प किमतीचीं भिंगें तयार होतात, व त्यांमुळें गरिबांसही दृष्टि लाभली आहे. तेव्हां केवळ चाळिशी टाळण्यासाठीं कोणीं कर्ज काढूं नये; आणि मोतीबिंदु 'पिकेपर्यंत' थांबण्याची जुनी समजूतही सोडून द्यावी. फार पिकलेलें भिंग कठीण होतें व शस्त्रक्रिया अधिक अवघड जाते.

विद्यार्थ्यांनो, आज घरीं गेल्यावर आपल्या आजीआजोबांस एकेक डोळा तळहातानें झांकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचावयास सांगा. एका डोळ्यानें धुकें दिसतें असें ते म्हणाले, तर आईवडिलांस कळवा. दुसऱ्या डोळ्याच्या आधारानें पुष्कळ म्हातारीं माणसें वर्षानुवर्षें कांहींच बोलत नाहींत.

परवां आमच्या घरीं कोणाचें भिंग चांगलें, असा वाद निघाला. आई हंसून म्हणाली, "मला तांदूळ निवडायला चष्मा लागतो, आणि तुझ्या बाबांना रात्रीं रस्त्यावर माझा हात लागतो. दोघांचें ठीक चाललें आहे."