दोन फळ्या, सहा सळया : चामड्याला आकार देणारा घरगुती शिकंजा



दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून मजुरीसाठी येणारे आदिवासी बांधव वसईच्या वाड्यांत आणि वीटभट्ट्यांवर दिसू लागतात. पुरुषाच्या कमरेला दोरीने बांधलेली लाकडी आकडी असते आणि तीत कोयता अडकवलेला असतो. रानात चालताना ही आकडी फार सोयीची. हात मागे नेला की कोयता हातात येतो. पण आता तोच माणूस मोटारसायकलवर तिसरा बसतो, भरलेल्या एसटीत उभा राहतो. उघडे पाते मागच्या लेकराच्या गुडघ्याला लागेल इतके जवळ असते. घरी आल्यावर कोयता कुडात खोचला जातो, तोही उघडाच.

कोयत्याला चामड्याचे म्यान हवे, एवढी साधी ही गोष्ट. ते म्यान पाड्यावरच्या तरुणांनी स्वतः करावे आणि त्यासाठी लागणारा शिकंजाही त्यांनीच बांधावा, हा आजच्या धड्याचा विषय आहे. जुने बुकबाइंडर पुस्तके ज्यात कसून ठेवतात त्याच जातीचे हे साधन. याला वीज लागत नाही आणि वेल्डिंगही लागत नाही.

चामडे आकार कसा धरते?

कच्चे कातडे म्हणजे बारीक तंतूंचे दाट जाळे. ते तसेच ठेवले तर कुजते आणि वाळवले तर लाकडासारखे कडक होते. झाडांच्या साली आणि फळे यांतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, त्या तंतूंत मुरवले की कातडे कुजत नाही. यालाच कातडे कमावणे म्हणतात. आपले कोळी बांधव पूर्वी सुताची जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवत, त्यामागचे तत्त्वही हेच.

अशा साल-कमावणीच्या चामड्याचा एक गुण आहे. ते पाण्याने मऊ होते, तंतू एकमेकांवर सरकतात आणि दाबाखाली वाळले की नव्या जागी घट्ट बसतात. आकार कायम राहतो. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ आणि टिकाऊ असते, पण भिजवून दाबले तरी पुन्हा मूळ रूपावर येते. आपल्या कामाला ते चालत नाही.

साल-कमावणीचे चामडे आपल्याला परके नाही. कोल्हापुरी चप्पल त्याचीच होते, आणि त्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. सह्याद्रीतला हिरडा गोळा करतात ते बहुतांशी आदिवासी. खैराच्या लाकडाचा काढा आटवून निघणारा कातही कातडे कमावायला चालतो. तो काढणारे म्हणूनच कातकरी समाजाला ते नाव पडले. म्हणजे चामड्याला टिकाऊपणा देणारी वस्तू रानातून किलोच्या भावाने बाहेर जाते आणि तिच्या जोरावर झालेली वस्तू दुकानातून नगाच्या भावाने मिळते. मधली कमाई ज्याच्या हाती हुन्नर आहे त्याची. आपल्या धड्याचे महत्त्व इथे आहे.

शिकंजाचे साहित्य

1. 18 मि.मी. जाडीच्या प्लायवुडच्या दोन फळ्या, प्रत्येकी 40 × 25 सें.मी.
2. साग, बाभूळ किंवा दुसऱ्या कठीण लाकडाच्या सहा पट्ट्या, 5 × 5 सें.मी. जाडीच्या आणि 37 सें.मी. लांब.
3. 12 मि.मी. जाडीच्या आटे पाडलेल्या सळया. हार्डवेअरच्या दुकानात त्या एक मीटर लांबीच्या मिळतात. दोन सळयांचे 25 सें.मी.चे आठ तुकडे होतात. सहा वापरायचे, दोन राखीव.
4. बारा नट, बारा मोठे वायसर आणि नटाला बसेल असे दोन पाने.
5. चपलेच्या तळाला लावतात तो जाड मऊ रबर, फळीच्या मापाचे दोन तुकडे. प्रत्येकाची जाडी निदान 2 सें.मी. हवी, पातळ मिळाला तर दोन थर चिकटवावेत.

बांधणी

प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांपासून तीन-तीन सें.मी. आत 13 मि.मी.चे भोक पाडा. तीन पट्ट्या जमिनीवर आडव्या ठेवा : एक मध्यावर, दोन कडांपासून चार बोटे आत. त्यांवर पहिली फळी ठेवून स्क्रूने पक्की करा. पट्ट्यांची टोके फळीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा सें.मी. बाहेर आली पाहिजेत. उरलेल्या तीन पट्ट्या दुसऱ्या फळीला तशाच लावा. भोके एकमेकांसमोर आली पाहिजेत, म्हणून दोन्ही संचांच्या पट्ट्या एकत्र धरूनच भोके पाडणे चांगले.

फळीला भोके न पाडता सळया पट्ट्यांच्या टोकांतून नेण्याचे कारण आहे. फक्त चार कोपरे कसले तर फळी मध्ये फुगते आणि जिथे दाब हवा तिथेच तो मिळत नाही. आडव्या पट्ट्या तो जोर मध्यापर्यंत पोचवतात. शिवाय ओले चामडे लोखंडापासून लांब राहते.

दोन्ही फळ्यांना आतून रबर चिकटवा. शिकंजा तयार झाला.

गाडीचा जॅक लावला तर काम लवकर होईल, असे कोणी म्हणेल. पण जॅकला लोखंडी चौकट हवी. लाकडी चौकट त्याच्या जोराने फुटली तर तुकडा तोंडावर उडतो. जोराची गरजही तेवढी नाही. भिजलेले चामडे अंगठ्याने दाबले तरी वळते. शिकंजा हे अंगठ्याचेच काम सगळीकडे सारखे आणि एकाच वेळी करतो.

फर्मा आणि चामडे

खऱ्या कोयत्यावर चामडे दाबू नका. पाते रबर कापते, हातही कापते. शिवाय लोखंड आणि टॅनिन ओले असताना भेटले की काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई याच गुणावर करत. म्हणून 6 मि.मी. प्लायवुडचा फर्मा कापा. तो पात्यापेक्षा चहूबाजूंनी दोन मि.मी. मोठा असावा आणि त्याच्या कडा काचपेपरने गोल कराव्यात.

चामडे अडीच ते तीन मि.मी. जाडीचे घ्या. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा म्हशीचे चामडे घ्यावे आणि दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे. तरुण मुले सामान घेऊन एसटीने जातील तेव्हा हा कागद त्यांच्या खिशात असलाच पाहिजे. घेण्यापूर्वी लहान तुकडा भिजवून दुमडा आणि रात्रभर दगडाखाली ठेवा. घडी कायम राहिली तर चामडे कामाचे.

कोयत्याचे टोक आत वळलेले असते. तलवारीसारखे ते वरून म्यानात सरकत नाही. म्हणून म्यान पाठीच्या, म्हणजे बाहेरच्या वळणाच्या बाजूने उघडे ठेवायचे. पाते आडवे आत बसते आणि वरून बटणाची पट्टी येते. धारेच्या बाजूला दोन तुकड्यांच्या मध्ये जाड चामड्याची पट्टी घालून शिवायचे, नाहीतर धार पहिल्याच आठवड्यात शिवण कापते.

कृती

1. फर्म्याभोवती दोन सें.मी. जास्त सोडून दोन तुकडे कापा.
2. साध्या पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबले की काढा. गरम पाणी वापरू नका. साल-कमावणीचे चामडे साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसला आकसते आणि ठिसूळ होते.
3. ओल्या फडक्यात तासभर मुरू द्या. वरचा रंग परतू लागला पण आत थंडावा आहे, ही दाबण्याची वेळ.
4. चामडे, फर्मा, चामडे असा थर रबरांमध्ये ठेवा. चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर.
5. नट समोरासमोरचे आणि थोडे थोडे कसा. एक बाजू आधी कसली तर फर्मा सरकतो.
6. अर्ध्या तासाने काढा. फर्मा आतच ठेवून, कडांना कपड्यांचे चिमटे लावून सावलीत दोन दिवस वाळवा. चूल नको, ऊनही नको.
7. फर्मा काढा, जास्तीची कड रापीने छाटा, आरीने भोके पाडा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांनी शिवा. टोकाशी पाणी निघायला छोटी फट ठेवा. शेवटी करंजाच्या तेलाचा हलका हात द्या.

वाळायला वेळ लागतो, दाबायला नाही. म्हणून एका शिकंजाबरोबर पाच-सहा फर्मे करावेत. रबर कोणत्याही आकाराला वळते, त्यामुळे याच शिकंजात विळ्याचे, सुरीचे, वायरमनच्या पकडीचे म्यानही होते. फक्त फर्मा बदलायचा.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायलाच हवी. पावसाळ्यात ओला कोयता रात्रभर म्यानात राहिला तर तो गंजतो आणि चामड्याला बुरशी येते. रात्री दोन्ही वेगळे, कोरडे ठेवावे.

हुन्नर कोणाकडून शिकावे?

रापी आणि आरी चालवायला एक दुपार पुरत नाही. गावातल्या चर्मकार कारागिराला गुरू म्हणून सन्मानाने बोलवावे आणि त्याच्या दिवसाचा मोबदला द्यावा. या कामाला आपल्या समाजाने शतकानुशतके हलके मानले, आणि ख्रिस्ती घरेही त्यातून सुटलेली नाहीत. पेत्र यापोत कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी बरेच दिवस राहिला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. त्या काळच्या यहुदी समाजात तो धंदा अशुद्ध मानला जाई. सर्व लोकांना स्वीकारण्याचा दृष्टान्त पेत्राला झाला तो याच घराच्या धाब्यावर.

शिकवण्याची आणखी एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात मॅरिअनहिल येथे 1882 साली ट्रॅपिस्ट संन्याशांनी मठ स्थापला. तिथे अनेक हस्तोद्योग चालत. गांधीजींचे सहकारी हर्मन कॅलनबाख त्या मठात जाऊन चपला करायला शिकले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले, आणि 1910 साली सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी ते इतरांना शिकवले. मठाने चपला वाटल्या असत्या तर त्या वर्षभरात झिजल्या असत्या.

आमच्या स्वतःच्या चुकीबद्दलही लिहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर देणगीतून पत्रावळी दाबण्याचे विजेचे यंत्र गेले. पैसे देणाऱ्यांत आम्हीही होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचा तापणारा भाग जळाला. सुटा भाग शहरात, दुरुस्त करणारा त्याहून लांब, आणि पाड्यावर विजेचा भरवसा नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा बायका त्या यंत्रावर नाचणी वाळवत होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, तक्रार केली नाही. आम्ही मात्र परतताना गप्प होतो.

आपल्या वाडवडिलांच्या वाडीत रहाट होता. तो मोडला तर गावचा सुतार दुपारपर्यंत दुरुस्त करून देई, कारण तो त्यानेच घडवलेला असे. हा शिकंजा त्याच वळणाचा आहे. पट्टी फुटली तर रानात लाकूड आहे, सळई वाकली तर दोन राखीव आहेत, आणि दोन फळ्यांवर रबर कसे बसवायचे ते बांधणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून आमची विनंती अशी की, तयार शिकंजा विकत घेऊन पाठवू नका. साहित्य घ्या, एक रविवार द्या आणि पाड्यावरच्या तरुणांबरोबर बसून तो बांधा. पहिला तुम्ही दोघांनी मिळून, दुसरा त्यांनी एकट्यांनी.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या धर्मग्रामाने गेल्या काही वर्षांत दिलेल्या वस्तूंपैकी आज कोणत्या चालू आहेत? बंद पडलेल्या का बंद पडल्या?
2. आपल्या वाडीवर येणाऱ्या मजुराला आपण कोणत्या नावाने हाक मारतो? त्याच्या हातात कोणते हुन्नर आहे, हे आपण कधी विचारले आहे का?
3. चर्मकार कारागिराला आपल्या सभागृहात शिक्षक म्हणून बोलावताना कोणाच्या मनात संकोच येईल? तो मोकळेपणाने बोलून दाखवा.
4. तयार झालेले पहिले म्यान कोण विकत घेईल आणि त्याची किंमत कोण ठरवील? ती ठरवताना शिवणाऱ्याच्या दोन दिवसांची मजुरी धरली आहे ना, हे हिशेब मांडून पाहा.