कोटीला एक रुपया : लेझर पल्स आणि फ्यूजन

मित्रांनो, फ्यूजन म्हटलं की आपल्याला सूर्य आठवतो. पण १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत टॉड डिटमायर आणि सहकाऱ्यांनी ते टेबलावर मावणाऱ्या लेझरने करून दाखवलं. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे ‘अणुकेंद्रक’ म्हणताना अजून जीभ अडखळते. पण यातलं फिजिक्स आपलं बारावीचंच आहे.

त्यांच्या एका पल्सची ऊर्जा अवघी ०.१२ ज्यूल. बारा ग्रॅमचं खोडरबर एक मीटर उचलायला लागते तेवढीच! मात्र ती ३५ फेम्टोसेकंदांत ओतली, म्हणून पॉवर झाली ३ लाख कोटी वॅटच्या वर. भागाकार करून बघा.

इतक्या तीव्र प्रकाशात ड्युटेरियमचे इलेक्ट्रॉन उडून जातात. मागे उरलेले पॉझिटिव्ह आयन एकमेकांना दूर फेकतात. हे कूलॉम एक्स्प्लोजन. एकच रेणू घेतला तर दोन केंद्रकांतलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम, सूत्रात घाला, दोघांत मिळून १९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतात. फ्यूजनसाठी हजारो हवेत. म्हणून त्यांनी गॅस थंड करून नॉझलमधून व्हॅक्युममध्ये सोडला. रेणू गोळा होऊन हजारो अणूंचे क्लस्टर बनले. चार्ज वाढला, स्फोटही वाढला. वेगवेगळ्या क्लस्टरमधून सुटलेले आयन एकमेकांवर आदळले आणि दर पल्सला सुमारे १० हजार न्यूट्रॉन मिळाले.

मग विजेचा प्रश्न सुटला का? हिशोब मांडू. ड्युटेरियमच्या साधारण निम्म्याच रिअॅक्शनमधून न्यूट्रॉन निघतो, म्हणून रिअॅक्शन धरू २० हजार. प्रत्येकीची सरासरी ३.६५ एमईव्ही. बेरीज येते ज्यूलचा साडेआठ कोटीवा भाग. म्हणजे एक कोटी रुपये घातले आणि एक रुपया परत आला! अशा यंत्राचा खरा उपयोग न्यूट्रॉनचा अतिशय छोटा झोत मिळवण्यासाठी.

त्याच प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी वेगळ्या पद्धतीने, इंधनाची गोळी दाबून, २.०५ मेगाज्यूल प्रकाशातून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. बातमी खरीच मोठी. पण तो प्रकाश तयार करायला लेझरने सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतली होती.

म्हणून दोस्तांनो, ‘फ्यूजन झालं’ असं वाचलंत की टाळ्या जरूर वाजवा. पण इंजिनिअर म्हणून लगेच विचारा, इनपुट कुठून मोजलं? लेझरपासून की प्लगपासून?