ड्युओ डॉकमधील दुसरी डिस्क

लॅपटॉप आतां घरोघरीं परिचित आहे. परंतु पेटींत शिरणारा लॅपटॉप आपणांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. ॲपल कंपनीनें १९९२ सालीं 'पॉवरबुक ड्युओ' हा सुमारें २ किलो वजनाचा संगणक काढिला. वजन वांचविण्याकरितां त्यांत फ्लॉपीचीही सोय ठेविली नव्हती. तो मिटून 'ड्युओ डॉक' नामक पेटींत सारला म्हणजे पेटींतील मोटर त्यास व्हिडिओ-कॅसेटप्रमाणें आंत ओढून घेई, आणि मग मोठा पडदा, फ्लॉपी इत्यादि साधनें हातीं येत.

ह्या पेटींत ३.५ इंची हार्ड डिस्कला जागा असते. आम्हीं तशी एक जुनी डिस्क मिळविली. वीज तोडून झांकण काढिलें. ५० तारांची पट्टी, तिची रंगीत कडा पहिल्या पिनेकडे ठेवून, जोडिली. विजेची जोडणी दिली. आणि कळ दाबिली. डिस्क घुमूं लागली, परंतु पडदा स्तब्ध! ड्युओच्या मूळ डिस्कवर आमचें कित्येक वर्षांचें लिखाण होतें आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. आमच्या पोटांत गोळाच उठला.

कारण अगदीं साधें निघालें. 'स्कझी' पद्धतींत एकाच तारेवर अनेक साधनें असतात व प्रत्येकास ० ते ७ यांपैकीं एक क्रमांक लागतो. ७ हा संगणकाचा, ० ड्युओच्या आंतील डिस्कचा. आमची नवी पाहुणीही ० घेऊनच आली होती! हजेरीपटांत एकाच क्रमांकाचे दोन विद्यार्थी असले, तर गुरुजींनीं पुकारतांच दोघेही उठून उभे राहतील. तसेंच हें झालें.

डिस्कवर पिनांच्या तीन जोड्या असतात. त्यांच्या किंमती १, २ व ४. ज्या जोडीवर 'जम्पर' नांवाची इवलीशी टोपी घालावी, तिची किंमत धरून बेरीज करावयाची. पहिल्या व तिसऱ्या जोडीवर टोपी असेल तर ५. एकही नसेल तर ०. आम्हीं पहिल्या जोडीवर टोपी घातली. संगणक सुरू झाला.

आतां नवी डिस्क पुसून तयार करणें राहिलें. हेंच खरें जपण्याचें ठिकाण. कारण तेथें ० व १ असे नुसते क्रमांक दिसतात, आणि ० निवडला कीं जुनें सर्व गेलें. आम्हीं तीनदां पाहून १ निवडला. पडद्यावर दुसरें चित्र उमटतांच जुनें लिखाण तिकडे उतरवून घेतलें, व तें पुरें होईपर्यंत खुर्चीवरून उठलों नाहीं.