पुढे अपघात नाही, मग गाड्या का थांबतात?

प्रश्न : शिक्रापूरहून रोज कारने पुण्याला जातो. सणसवाडी, कोरेगाव भीमाजवळ गाड्या मध्येच थांबतात. पुढे पाहावं तर ना अपघात, ना सिग्नल. असं का?

उत्तर : वळणारे कंटेनर, कंपन्यांच्या बस ही कारणं आहेतच, पण बरीच कोंडी आपल्या ब्रेकवरच्या पायातून निघते. चिकटून चालणाऱ्यांपैकी एक जरा थबकला की मागचा जोरात ब्रेक दाबतो, त्याच्याही मागचा थांबतोच. ही लाट मागे मागे सरकते. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या होत्या. कसलाही अडथळा नसताना कोंडी झाली. तुम्ही एकट्याने अंतर राखलंत तरी लाट बरीच मवाळते. मध्ये कोणी घुसेल. घुसू द्या, एक्सलेटर किंचित सोडून पुन्हा अंतर धरा. शिक्रापूरच्या चाकण चौकात मात्र रांग मोडून विरुद्ध बाजूने गाडी कधीच काढू नका. समोरून ट्रक आला की दोन्हीकडचा रस्ता बंद.