मुक्त सॉफ्टवेअर आणि विद्यार्थी मंडळे

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. कागद अडकताच वापरणाऱ्याला तशी सूचना मिळावी, अशी सुधारणा तेथील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. परंतु त्यासाठी लागणारा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता व बदलता येईल अशी मूळ आज्ञावली, त्यांना मिळाली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालविणे, त्याचा अभ्यास करून तो बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये ज्या सॉफ्टवेअरमध्ये असतात त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि या चळवळीचा प्रवेश महाविद्यालयांतून झाला. भारतातही विद्यार्थ्यांची मंडळे निघाली. त्या काळी इंटरनेट मंद व महाग होते. लिनक्सच्या सीडी हातोहात फिरत. संगणकावर ती प्रणाली बसविणे नवख्याला अवघड जाई, म्हणून रविवारी सर्वांनी जमून एकमेकांचे संगणक सज्ज करावयाचे, हाच मंडळाचा मुख्य कार्यक्रम असे.

ही अडचण कालांतराने दूर झाली. आज लिनक्स घरबसल्या उतरवून घेता येते. अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सचाच गाभा असतो. साहजिकच मंडळाच्या सभा ओस पडू लागतात. विद्यार्थी आळशी झाले, असा याचा अर्थ लावणे बरोबर होणार नाही. ज्या गरजेतून मंडळ जन्मास आले ती भागली, पण तिच्या जागी दुसरे काम उभे राहिले नाही, हे खरे कारण होय. अशा वेळी भाषणांची संख्या वाढवून उपयोग होत नाही. विद्यार्थ्याला हवे असते ते स्वतः पुरे करता येईल असे आणि इतरांच्या उपयोगी पडेल असे लहानसे काम.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने असे काम दाखवून दिले. सायलॅब हे गणिती कामाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. अभियांत्रिकीचे एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक निवडावे, त्यातील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून काढावीत, ती तपासली जावीत आणि मग सर्वांसाठी खुली व्हावीत, अशी ही योजना. समजा, नर्मदेवरील बरगी धरणाच्या परिसरातून एक विद्यार्थी जबलपूरला शिकावयास आला. महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेणे त्याला परवडत नाही. परंतु धरणाच्या सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा विसर्ग काढण्याचे पुस्तकातील उदाहरण तो सायलॅबमध्ये मांडू शकतो. तसे करताना त्याचा जलशास्त्राचा अभ्यास पक्का होतो आणि त्याची आज्ञावली दुसऱ्या गावच्या विद्यार्थ्याच्याही कामी येते. स्वातंत्र्याचा अर्थ त्याला व्याख्यानाशिवाय कळतो.

दुसरा प्रश्न सातत्याचा आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातो. एकाच उत्साही व्यक्तीवर उभे असलेले मंडळ तिच्याबरोबरच संपते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनीच चालविलेला लिनक्स युजर्स ग्रुप आहे. नवागतांना लिनक्सची ओळख करून देणारी कार्यशाळा तेथे होते. शिकविणारे वरच्या वर्गातील आणि शिकणारे खालच्या वर्गातील, अशी रचना असली म्हणजे आजचा श्रोता उद्याचा शिक्षक होऊ शकतो. शिकविण्याची जबाबदारी आली की विषयही नव्याने समजून घ्यावा लागतो.

तेव्हा मंडळाला नवी उभारी द्यावयाची असेल, तर सभेची उपस्थिती मोजण्यापेक्षा वर्षभरात किती कामे पुरी झाली, हे पाहावे. एखाद्या प्रोग्रॅममधील सूचनांचे मराठी किंवा हिंदी भाषांतर, मार्गदर्शिकेतील एका चुकीची दुरुस्ती, प्रयोगशाळेसाठी लिहिलेली छोटी आज्ञावली, ही कामे वरवर किरकोळ दिसतात. पण ती न करणारा विद्यार्थी दुसऱ्यांनी तयार केलेल्या साधनांचा केवळ ग्राहक राहतो. ती करणाऱ्याला मात्र कळून येते, की संगणकाच्या आत जे चालते ते आपल्यासारख्याच माणसांनी लिहिलेले आहे आणि ते आपणही बदलू शकतो.