तीन चाकांवरून भारतप्रवास, अर्थात् बिघाडांपासून बोध



प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु सर्वच प्रवासांनीं सारखेंच शहाणपण येतें असें नाहीं. जो आगगाडींत कोचीस बसला आणि झोप पुरी करून मुंबईस उतरला, त्यानें अंतर काटलें. देश पाहिला असें मात्र म्हणवत नाहीं. उलट ज्याचें वाहन घडोघडीं बंद पडतें, त्याला थांबावें लागतें, उतरावें लागतें, परक्या माणसाशीं बोलावें लागतें, आणि मुख्य म्हणजे 'हें असें कां झालें?' हा प्रश्न स्वतःस विचारावा लागतो. ह्या 'कां' पासूनच विद्येचा आरंभ होतो. म्हणून आज आपण ऑटोरिक्षेंतून, म्हणजे लांबच्या प्रवासाकरितां मुळींच न घडविलेल्या वाहनांतून, कोचीपासून राजस्थानांतील जैसलमेरपर्यंत मनानें प्रवास करूं, आणि वाटेंत होणाऱ्या बिघाडांचीं कारणें शोधूं.

ही कल्पना केवळ मनोराज्यांतली नव्हे. इंग्लंडांतील एका साहसप्रिय मंडळीनें २००६ सालीं 'रिक्षा रन' नांवाची सफर सुरू केली, आणि तींत देशोदेशींच्या तरुणांनीं भाग घेतला आहे. कोची ते जैसलमेर हा तिच्या मार्गांपैकीं एक होय. मधली वाट ज्याची त्यानें ठरवावयाची. मदतीस मागून दुसरी गाडी येत नाहीं.

(१) वाहनाची ओळख

'रिक्षा' हा शब्द मूळचा जपानी आहे. 'जिन्-रिकि-शा' म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी. ती जपानांत १८७० च्या सुमारास प्रचारांत आली. पुढें ओढणाऱ्या माणसाच्या जागीं सायकल आली, व सायकलीच्या जागीं इंजिन आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींतील पियाजिओ कंपनीनें १९४६ सालीं 'व्हेस्पा' नांवाची स्कूटर काढली व १९४८ सालीं तिच्याच धर्तीवर 'आपे' नांवाची तीन चाकांची मालगाडी काढली. इटालियन भाषेंत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी व आपे म्हणजे मधमाशी. ह्या वाहनांचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येंतील इंजिनियर होता. आपल्या देशांत ऑटोरिक्षा आणण्यांत न. कु. फिरोदिया यांनीं पुढाकार घेतला. बजाज कंपनीस दुचाकी व तीनचाकी वाहनें बनविण्याचा परवाना १९५९ सालीं मिळाला, आणि पुढें पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यांतून निघालेल्या रिक्षा देशभर पसरल्या.

जुन्या रिक्षेचें इंजिन लहानसें, सुमारें १५० घन सेंटिमीटरचें, आणि दोन आघातांचें असे. नळकांड्यांत एक दट्ट्या वरखालीं होतो. त्यासच मिस्त्री लोक पिस्टन म्हणतात. तो वर जातांना पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दाबतो. वर पोंचतांच प्लगची ठिणगी पडते. मिश्रण पेटतें व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी. आतां हिशेब करून पाहा. मिनिटास ४,००० फेरे व दिवसास आठ तास धरले, तर ठिणग्या १९,२०,००० होतात! त्यांतील प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणीं पडली पाहिजे. हें ध्यानांत आणलें म्हणजे यंत्र बंद कां पडतें यापेक्षां तें चालतें कसें, याचेंच नवल वाटूं लागतें.

(२) किनाऱ्यावर : ओल

कोचीहून समुद्रकांठानें उत्तरेस निघालें म्हणजे कोळिकोड, कण्णूर, मंगळूर, कारवार अशीं शहरें लागतात. हा प्रदेश पावसाचा. येथें पहिला बिघाड बहुधा प्लगचा होतो. प्लगच्या दोन टोंकांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक असते, आणि तेवढी उडी मारण्यासाठीं विजेला हजारों व्होल्टांचा दाब लागतो. प्लगवर ओली घाण जमली, कीं वीज ती अवघड उडी मारण्याऐवजीं ओलीची सोपी वाट धरते, आणि ठिणगी पडतच नाहीं.

दुसरें कारण आंतलें असतें. दोन आघातांच्या इंजिनास वंगण निराळें मिळत नाहीं. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें, साधारणतः शंभर भागांस दोन भाग. पांच लिटर पेट्रोलांत १०० मिलिलिटर तेल पुरे. घाईनें अधिक ओतलें तर काजळी धरते. कमी ओतलें तर दट्ट्या घासतो. जाणता मिस्त्री प्लग काढून त्याचा नुसता रंग पाहतो. टोंक तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळेंकुट्ट व तेलकट असेल तर तेल वा पेट्रोल अधिक. पांढुरकें असेल तर इंजिन फार तापत आहे. वैद्यानें जीभ पाहून पोटाची परीक्षा करावी, तसाच हा प्रकार.

(३) घाटांत : उष्णता

गोवा ओलांडून आपण आपल्या कोंकणांत येतों. चिपळुणाजवळ परशुराम घाट व त्यापुढें खेड व पोलादपूर यांच्यामध्यें कशेडी घाट लागतो. चढणीवर इंजिनास श्रम फार व वेग थोडा. रिक्षेच्या इंजिनास थंड ठेवावयास पाणी नसतें. नळकांड्यावरील धातूच्या पातळ पट्ट्यांवरून पंख्याची हवा खेळते तेवढीच. ह्या पट्ट्यांत चिखल वाळून बसला, कीं इंजिनावर जणूं गोधडीच घातली. मग दट्ट्या तापून फुगतो. तो ॲल्युमिनियमचा असतो व नळकांड्याची आंतली बाजू लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाहून अधिक फुगतें, म्हणून दट्ट्या आंतच आवळून बसतो. अशा वेळीं गार पाणी ओतणें हा वेडेपणा होय, कारण एकाएकीं थंड झालेलें तप्त लोखंड तडकूं शकतें. उपाय एकच : झाडाच्या सावलींत स्वस्थ बसावें.

उतरणही सोपी नाहीं. सारखा ब्रेक दाबला तर तो तापून दुबळा होतो. म्हणून ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावें, असा चालकांचा नियम आहे. परंतु पेट्रोलची मूठ पूर्ण बंद ठेवून फार वेळ उतरलें तर पेट्रोलाबरोबर वंगणही थांबतें! म्हणून जुने रिक्षावाले उतारावर मधून मधून मूठ थोडी उघडतात. हें तत्त्व त्यांना कोणत्याही पुस्तकानें शिकविलेलें नसतें.

घाटांत तुटणारी आणखी एक वस्तु म्हणजे क्लचची तार. ती एकजीव नसून अनेक बारीक तारांना पीळ घालून केलेली असते. ती एकदम तुटत नाहीं. आज एक धागा तुटतो, उद्यां दुसरा. दांडी किंचित् जड लागते, किंचित् अडखळते. ज्याचा हात जागा आहे तो ह्या सूचनेवरून तार आधींच बदलतो. बाकीचे भर वळणावर अडकतात.

(४) सपाटीवर : खड्डे

मुंबई मागें टाकून वापी, सुरत, भडोच असे जातांना रस्ता सपाट व वाहतूक दाट. येथें परीक्षा होते ती चाकांची. मोटारीचीं चाकें दोन रेषांत धांवतात, म्हणून मधला खड्डा ती पोटाखालीं घेऊन जाते. रिक्षेचीं चाकें तीन रेषांत धांवतात. मागचीं दोन चुकविलीं तर पुढचें एक नेमकें खड्ड्यांत जातें. शिवाय चाक लहान. मोठें चाक ज्या खड्ड्यावरून तरून जातें, त्यांत लहान चाक बुडतें. त्याचा परीघ सव्वा मीटर व सारा प्रवास सुमारें अडीच हजार किलोमीटर धरला, तर प्रत्येक चाकास २० लक्ष फेरे घ्यावे लागतात. पंक्चर होणें व नटबोल्ट सैल पडणें ह्यांत मग आश्चर्य तें काय? म्हणून रोज सकाळीं निघण्यापूर्वीं पाना घेऊन एकेक बोल्ट तपासणें हा ह्या प्रवासांतला नित्यनेमच होऊन बसतो.

(५) वाळवंटांत : धूळ

गुजरात ओलांडून बाडमेर-जैसलमेरकडे वळलें म्हणजे ओल संपते व धूळ सुरू होते. इंजिन जशी पेट्रोल पितें तशी हवाही पितें. हवा गाळणारी जाळी धुळीनें बुजली, कीं हवा कमी व पेट्रोल जास्त असें प्रमाण होतें; काळा धूर निघतो, जोर कमी होतो आणि पेट्रोल फुकट जातें. जाळी काढून झटकली व स्वच्छ केली, कीं तेंच इंजिन पुनः खणखणीत बोलूं लागतें. किनाऱ्यावर जो पाण्यानें अडला, तो येथें धुळीनें अडतो. एकाच देशाचीं हीं दोन रूपें त्याला नकाशानें नव्हे, तर बिघाडांनीं कळतात.

(६) वाटेवरचा गुरु

ह्या मार्गावर मल्याळी, कन्नड, तुळु, कोंकणी, मराठी, गुजराती व मारवाडी अशा किती तरी भाषा कानीं पडतात. परंतु 'प्लग', 'क्लच', 'केबल' हे शब्द सर्वत्र तेच! रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखालीं, तेलकट कपड्यांत बसलेला मिस्त्री यंत्राचा नुसता आवाज ऐकतो व दोष कोठें आहे तें सांगतो. त्याची रीत नीट पाहा. तो उगाच सर्व यंत्र उकलीत नाहीं. पेट्रोल पोंचतें कां? ठिणगी पडते कां? हवा मिळते कां? दट्ट्या नीट दाबतो कां? एकेक शक्यता पारखून तो बाजूस सारतो, आणि जी उरते तिला हात घालतो. प्रयोगशाळेंत आम्ही तुम्हांस जी पद्धति शिकवितों, ती हीच. भेद इतकाच कीं, तुम्ही ती वहींत लिहितां व तो ती बोटांनीं करितो.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. दूरदेशाहून आलेल्या तरुणाची रिक्षा बंद पडली, तर त्यास घरीं जाऊन सांगावयास एक मौजेची गोष्ट मिळते. ज्याचा संसारच रिक्षेवर चालतो, त्याची रिक्षा बंद पडली तर त्या दिवसाची मिळकत बुडते, आणि सुट्या भागाचा खर्च वर पडतो. त्याच्या घरीं त्या रात्रीं मुलाच्या फीचा किंवा धान्याचा विचार नव्यानें करावा लागतो. आपल्या वर्गांतही अशा घरांतून आलेलीं मुलें बसत असतील. बापाच्या हाताला लागलेलें तेल ही त्यांनीं लपविण्याची गोष्ट नव्हे.

(७) बोध

आतां दोन शब्द पालकांसाठीं. आपल्या समाजांत लेखणी धरणारा हात थोर व पाना धरणारा हात हलका, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. मुलगा अभ्यासांत मागें पडला, तर 'आतां गॅरेजांत जा' असें आपण शिक्षा म्हणून बोलतों. आणि पुस्तकांत हुषार असलेल्या मुलाच्या हातीं पाना कधीं देतच नाहीं. यांत दोन्ही मुलांची हानि होते. एकास वाटतें कीं हाताचें काम म्हणजे अपयश. दुसऱ्यास विजेचे नियम तोंडपाठ असूनही ठिणगी कां पडत नाहीं हें शोधतां येत नाहीं.

ख्रिस्ती शाळेंत तरी हा भेद असूं नये. प्रभु येशू सुताराच्या घरीं वाढला. संत पौल तंबू करून पोट भरीत असे. ज्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, ते विल्यम केरी मूळचे जोडे शिवणारे होते. आपल्या ह्याच मार्गावरील मंगळुरास बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला. उपदेशाबरोबर लोकांच्या हातांस काम दिलें, आणि तीं मंगळुरी कौलें आपल्या कोंकणांतील घरांवरही चढलीं. विद्या व कारागिरी ह्या सवती नव्हेत, बहिणी आहेत.

शेवटीं, यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या जखमी मनुष्याचा दृष्टांत आठवा. त्याच्याजवळून विद्वान व प्रतिष्ठित लोक निघून गेले. थांबला तो परका शोमरोनी. आजही भर दुपारीं कोणाचें वाहन बंद पडलेलें दिसलें, तर थांबणारा बहुधा साधा मनुष्य असतो : दुसरा रिक्षावाला, ट्रकचा क्लीनर, शेतावरून परतणारा शेतकरी. मित्रहो, तुम्ही पुढें मोठे व्हाल, वेगवान् गाड्यांतून फिराल. तेव्हां बिघाड झाला तर चिडूं नका, कारण शोधा. कारण सांपडलें नाहीं तर ज्याला तें सांपडतें त्याच्यापाशीं नम्रपणें उभे राहा. आणि दुसऱ्याचें वाहन अडलेलें दिसलें तर थांबा.

विचारासाठीं प्रश्न

१. आठ लिटर पेट्रोलांत शंभरास दोन भाग ह्या प्रमाणानें किती तेल मिसळावें लागेल?

२. रोज २०० किलोमीटर गेल्यास अडीच हजार किलोमीटरांस किती दिवस लागतील? बिघाडांत चार दिवस गेले, तर एकंदर रोजचें सरासरी अंतर किती पडेल?

३. तापलेल्या इंजिनावर गार पाणी कां ओतूं नये? स्वयंपाकघरांतील कांचेच्या भांड्याचें उदाहरण घेऊन सांगा.

४. तुमच्या गांवांतील एका मिस्त्रीस, त्याच्या कामाचा खोळंबा न करितां, 'दोष कसा ओळखतां?' असें विचारा व त्याचें उत्तर दहा ओळींत लिहून आणा.