अभ्यासपाठ : गोव्याचे खाजन आणि त्याचे राखणदार



गोवा म्हटले की समुद्रकिनारा आणि जुनी चर्चे आठवतात. गेल्या हिवाळ्यात मी एका गावडा कुटुंबाबरोबर बांधावरून चाललो आणि मला वेगळाच गोवा दिसला. एका बाजूला नदीचे खारे पाणी, तर दुसऱ्या बाजूला भरतीच्या पातळीपेक्षा सखल भातशेत!

या जमिनीला खाजन म्हणतात. चिखल, पेंढा आणि जांभा दगडाचे बांध घालून ती खाडीकडून मिळवलेली आहे. हे काम मुख्यतः गावडा समाजाने केले, असे मानतात. सुमारे सहाव्या-सातव्या शतकातील बांदोडे ताम्रपटात अशा जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे १५१० मध्ये पोर्तुगीज आले, तेव्हा हे ज्ञान कित्येक शतके जुने होते.

बांधातील लाकडी दाराला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने ते मिटते, ओहोटीला उघडते. पावसाने जमिनीतले मीठ धुतले गेले, की खारेपणा सोसणारा कोरगुट भात लावतात.

बांधाबाहेर तिवर आणि कांदळ उभे असतात. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर येतात, तर कांदळाचे बी झाडावरच रुजते. ही झाडे लाटांचा मार स्वतः झेलतात. त्यांच्या आश्रयाने खंड्या, पाणमांजर आणि मगर राहतात. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य अशाच कांदळवनात आहे. दुर्भाट भागात शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिला शेताची राखणदार मानतात.

चालताना घरच्या आजी एकदम थांबल्या. बांधात खेकड्याचे बीळ होते. त्यांनी लगेच चिखल भरून ते बुजवले. "आज सोडले, तर भरतीला बांध फुटेल," त्या म्हणाल्या. शेजारचे शेत पडीक होते. कोळंबीसाठी मानस उघडे ठेवल्याने खारे पाणी आत शिरले होते. घरातील तरुण मजुरीला शहरात गेले होते. आता बिळे कोण पाहणार?

गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. हे आवश्यकच होते. पण आजींचे ज्ञान त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचले नाही, तर यादी बांध राखणार नाही.

आपण आदिवासी गावांत शिकवायला जातो. पुढच्या भेटीत एखाद्या वडीलधाऱ्यांबरोबर त्यांच्या शेताच्या बांधावरून चालावे, आणि ऐकावे.

विचारासाठी : आपल्या गावातील असे कोणते काम जाणणारी माणसे आता थोडीच उरली आहेत?